प्रवेश अर्जावरील छायाचित्र : ओळख आणि निवड यांच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश : महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जावर पासपोर्ट आकाराचे छायाचित्र चिकटविण्याची अट आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, तिचे प्रयोजन कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात या अटीची चिकित्सा केली आहे. छायाचित्राचे खरे कार्य व्यक्ती व कागद यांची सांगड घालणे हे आहे. हे कार्य परीक्षेच्या दालनात आणि प्रवेश निश्चित झाल्यानंतर सुरू होते. निवडीच्या टप्प्यावर छायाचित्र एक तर निरुपयोगी ठरते किंवा अपायकारक ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : प्रवेश अर्ज, छायाचित्र, ओळख, गुणवत्ता, पूर्वग्रह, खासगीपणा.

१. प्रस्तावना

बारावीचा निकाल जाहीर झाला की कोल्हापुरातील महाविद्यालयांच्या कार्यालयांसमोर पालक व विद्यार्थ्यांच्या रांगा लागतात. आज अर्ज संगणकावर भरले जात असले, तरी त्यांची रचना जुन्या छापील अर्जासारखीच आहे. उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते आणि तीत अलीकडच्या काळात काढलेले छायाचित्र लावण्याची सूचना असते. नाव, जन्मतारीख, गुण, प्रवर्ग हे रकाने वाचण्याआधी अर्ज हाती घेणाऱ्याची नजर त्या चौकटीकडे जाते.

प्रस्तुत लेखकाने प्रवेश समितीत काम करीत असताना एका महाविद्यालयात घडलेला प्रसंग या लेखाच्या मुळाशी आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या चंदगड तालुक्यातून एक विद्यार्थिनी अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी आली. तिचे गुण पुरेसे होते, सर्व दाखले सोबत होते. परंतु छायाचित्र नव्हते. अर्ज अपूर्ण ठरवून परत करण्यात आला. ती स्टुडिओ शोधून परत येईपर्यंत खिडकी बंद झाली होती. पुढील यादीत तिला प्रवेश मिळाला, मात्र तिला हवा असलेला विषय तोपर्यंत भरला होता. नियमानुसार पाहता कोणाचीही चूक नव्हती आणि अर्ज परत करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. त्या दिवशी तिचा चेहरा पाहून समिती कोणता निर्णय घेणार होती, या प्रश्नाला समितीतील एकाकडेही उत्तर नव्हते. यादी तर गुणांवरच लागणार होती.

अर्ज हीदेखील एक संहिता आहे. ती लिहिणारी संस्था समोरच्या व्यक्तीविषयी काय गृहीत धरते, हे तिच्या रकान्यांतून व्यक्त होते. वाङ्मयीन संहितेचे वाचन करताना आपण जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न या चौकटीला विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही.

२. छायाचित्रापूर्वीची ओळख

ओळख पटविण्यासाठी छायाचित्र वापरण्याची प्रथा फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, पारपत्रावर छायाचित्र सक्तीचे झाले. त्यामागे परकीय हेरांची भीती होती. त्याआधी १८६८ ते १८७५ या काळात वसाहतिक सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत येथील जातीजमातींच्या माणसांची छायाचित्रे नमुन्यादाखल मांडलेली होती. पुढे १८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बर्तियाँ यांनी गुन्हेगारांच्या शरीराची मापे आणि छायाचित्रे यांची पद्धतशीर नोंद सुरू केली. म्हणजे ओळखीसाठीचे छायाचित्र ज्या परंपरेतून आले, तीत घरातील भिंतीवरच्या तसबिरीपेक्षा पोलिसांचे व प्रशासनाचे दप्तर अधिक जवळचे आहे.

कोल्हापूरच्या शैक्षणिक इतिहासाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. राजाराम महाविद्यालयाची स्थापना १८८० साली झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाची स्थापना केली. पुढे विविध जातिधर्मांच्या वसतिगृहांमुळे हे शहर वसतिगृहांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या काळात माणसाची ओळख प्रामुख्याने माणसाच्याच साक्षीने पटत असे. सरकारी नोकरीच्या सेवापुस्तकात उंची आणि शरीरावरील ओळखचिन्हे नोंदविण्याचा रकाना असतो. तीळ, व्रण यांच्या त्या नोंदी म्हणजे छायाचित्रापूर्वीच्या काळाचा अवशेषच होय.

कोल्हापूरला कॅमेरा परका नव्हता. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला, तेव्हा हे शहर चित्रपटकलेच्या केंद्रांपैकी एक बनत होते. तेव्हा कॅमेरा उपलब्ध झाला एवढ्याने अर्जावर छायाचित्र आले, असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्याला नावाने व घराण्याने ओळखणारे शिक्षक जोपर्यंत प्रवेशाच्या टेबलावर होते, तोपर्यंत त्याची गरज नव्हती. १९६२ साली शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली, ग्रामीण भागात महाविद्यालये निघाली, विद्यार्थिसंख्या वाढत गेली आणि अर्ज घेणारा व देणारा एकमेकांना अनोळखी झाले. उच्च शिक्षणाच्या प्रसाराची ही स्वाभाविक निष्पत्ती आहे आणि त्या अर्थाने छायाचित्राची चौकट हे शिक्षणाच्या लोकशाहीकरणाचेही चिन्ह मानावे लागेल.

तथापि या नाण्याला दुसरी बाजू आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील काही जातींवर लादलेली हजेरीची पद्धत बंद केली. त्या जातींतील माणसांना गावकामगारापुढे नियमितपणे उभे राहून आपण गावातच असल्याचे दाखवावे लागत असे. अपराध केलेला नसताना स्वतःला सिद्ध करीत राहणे, हा त्या पद्धतीतील मुख्य अन्याय होता. प्रवेश अर्जावरील छायाचित्राची तुलना हजेरीशी करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु कोणाला, कोणत्या क्षणी आणि कोणत्या कारणासाठी ओळख सिद्ध करावयास लावावी, हा प्रश्न या नगरीत शतकापूर्वीच विचारला गेला होता, एवढे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३. छायाचित्राचे खरे कार्य

छायाचित्राची गरज मुळीच नाही, अशी भूमिका येथे नाही. परीक्षेस दुसऱ्याच व्यक्तीने बसण्याचे प्रकार हे आपल्या परीक्षापद्धतीसमोरील गंभीर आव्हान आहे. मध्य प्रदेशात २०१३ साली उघडकीस आलेल्या व्यापम गैरव्यवहारात तोतया परीक्षार्थी बसविणे हा एक प्रमुख मार्ग होता. २०२४ साली संघ लोकसेवा आयोगाने महाराष्ट्रात नेमणुकीवर असलेल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याची उमेदवारी रद्द केली. नाव, छायाचित्र व स्वाक्षरी यांत बदल करून मर्यादेपेक्षा अधिक वेळा परीक्षा दिल्याचे आयोगाने तेव्हा नमूद केले होते. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेत छायाचित्राची पार्श्वभूमी पांढरी असावी, चेहरा व कान स्पष्ट दिसावेत, अशा तपशीलवार सूचना असतात, त्या याच कारणासाठी. प्रामाणिक विद्यार्थ्याची जागा तोतयाने घेऊ नये, यासाठी प्रवेशपत्रावर छायाचित्र असणे योग्यच आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या प्रवेशपत्रावरील छायाचित्रावर शाळाप्रमुखाची स्वाक्षरी व शिक्का असतो, तेव्हा एक जबाबदार व्यक्ती त्या चेहऱ्याची हमी घेत असते.

येथे दोन बाबी विचारात घ्याव्या लागतात. पहिली बाब अशी की, छायाचित्राला तुलनेसाठी समोर जिवंत माणूस लागतो. परीक्षा दालनात पर्यवेक्षकासमोर विद्यार्थी बसलेला असतो, म्हणून तेथे छायाचित्राला अर्थ आहे. प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्यात ते कशाशीही ताडून पाहिले जात नाही. अर्जावर ज्याचे छायाचित्र आहे तोच अर्जदार आहे, हे सांगणारा दुसरा पुरावा त्या टेबलावर नसतो. तेथे छायाचित्र काहीही सिद्ध करीत नाही.

दुसरी बाब अशी की, अनोळखी चेहरा छायाचित्राशी ताडून पाहण्यात माणूस आपण समजतो तितका निष्णात नाही. केम्प, टॉवेल व पाइक या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली ब्रिटनमध्ये एका सुपरमार्केटात प्रयोग केला. छायाचित्र असलेली पतपत्रे दाखविली असता, दुसऱ्याचे छायाचित्र असलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे रोखपालांनी खरी मानून स्वीकारली. ऑस्ट्रेलियातील पारपत्र अधिकाऱ्यांविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही प्रशिक्षित अधिकारी सामान्य विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या वयात दोन वर्षांत चेहरा किती बदलतो, हे पर्यवेक्षण करणारा प्रत्येक शिक्षक जाणतो. तात्पर्य, जेथे छायाचित्र आवश्यक आहे तेथेही ते एकमेव साधन म्हणून पुरेसे नाही.

४. निवडीच्या टप्प्यावरील छायाचित्र

प्रवेशासाठी छायाचित्र का मागितले जाते, याचे एक ऐतिहासिक उत्तर अमेरिकेत सापडते. जेरोम कॅराबेल यांच्या ‘द चोझन’ (२००५) या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा आहे. हार्वर्ड विद्यापीठात केवळ गुणांच्या आधारे प्रवेश मिळविणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली त्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. उघड मर्यादेस विरोध झाला. त्यानंतर गुणांबरोबर चारित्र्य व व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व देणारी पद्धत आली आणि १९२६ साली अर्जासोबत पासपोर्ट आकाराचे छायाचित्र आवश्यक करण्यात आले. नियमाने जे करता येत नव्हते, ते नजरेने करण्याची सोय झाली. पुढे न्यूयॉर्क राज्याने १९४८ साली आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने १९४९ साली शिक्षणातील भेदभावाविरुद्ध कायदे केले.

हा दाखला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या अर्जात जातीचा प्रवर्ग उघडपणे विचारला जातो आणि तो विचारणे योग्यही आहे. याच नगरीतून २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला. तेव्हा जात आधीच अर्जावर लिहिली असताना छायाचित्राने नवे काय उघड होणार, असा आक्षेप घेतला जाईल. या आक्षेपाचे उत्तर असे की, प्रवर्गाची माहिती ही न्यायासाठी मागितलेली माहिती आहे. तिचा उपयोग कोठे व कसा करावयाचा, हे नियमाने ठरलेले आहे आणि तो चुकल्यास दाद मागता येते. छायाचित्रातून मिळणाऱ्या माहितीला असा कोणताही नियम लागू नाही. वर्ण, पेहराव, डोक्यावरील पदर किंवा हिजाब, चेहऱ्यावरील व्रण, गरिबीच्या खुणा यांची नोंद मनात होते; तिचा हिशेब कोठेही राहत नाही.

असा हिशेब नसलेल्या नोंदीचा परिणाम होतो, हे अभ्यासांती दिसून आले आहे. एखाद्या व्यक्तीच्या एका गुणावरून तिच्या इतर गुणांविषयी मत बनविण्याची प्रवृत्ती एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवून दिली. भारताच्या संदर्भात सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. खासगी क्षेत्रातील नोकऱ्यांसाठी समान पात्रतेचे अर्ज केवळ नावे बदलून पाठविले असता, दलित व मुस्लिम वाटणाऱ्या नावांना उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत कमी प्रतिसाद मिळाल्याचे त्यांना आढळले. केवळ नावाचा एवढा परिणाम होत असेल, तर चेहऱ्याचा होणार नाही असे मानण्यास आधार नाही.

गुणवत्ता यादीने होणाऱ्या प्रवेशात हा धोका अल्प आहे, कारण तेथे निर्णय आकडे घेतात. परंतु त्याच कारणाने छायाचित्राचा उपयोगही शून्य आहे. जेथे विवेकाधीन निवड आहे, उदाहरणार्थ संस्थास्तरावरील जागा, मुलाखतीवर आधारित संशोधन प्रवेश, तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या नेमणुका, तेथे धोका वास्तव आहे. मुलाखतीत चेहरा दिसणारच, असे यावर म्हटले जाते. परंतु मुलाखतीस कोणाला बोलवावे, हे कागदावरून ठरते आणि मुलाखतीत उमेदवाराला निदान बोलण्याची संधी असते. छायाचित्राला ती नसते.

या संदर्भात आपल्याच परीक्षापद्धतीतील विसंगती लक्षणीय आहे. उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकास परीक्षार्थी कोण हे कळू नये, म्हणून आसनक्रमांक झाकला जातो, बारकोड लावला जातो. नाव कळले तर निर्णय दूषित होईल, हे तत्त्व आपण तेथे मान्य केले आहे. त्याच विद्यार्थ्याच्या प्रवेश अर्जावर मात्र नाव व चेहरा दोन्ही अग्रभागी ठेवले जातात. मूल्यमापनात जे झाकणे आवश्यक मानले, ते निवडीत दाखविणे आवश्यक कसे ठरते?

५. चौकटीत न बसणारे चेहरे

छायाचित्राची चौकट समान दिसत असली, तरी सर्वांना ती समान नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला आणि २०१९ साली त्यांच्या हक्कांविषयी कायदाही झाला. शाळेच्या दाखल्यावरील नाव एक आणि छायाचित्रातील रूप दुसरे, अशा स्थितीत असलेल्या विद्यार्थ्याला अर्जाच्या पहिल्याच कोपऱ्यात, अनोळखी कर्मचाऱ्यासमोर, आपल्या आयुष्याचा खुलासा करावा लागतो. भाजलेल्या किंवा अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलीची अवस्था वेगळ्या तपशिलाने तशीच आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सामाजिक संदर्भ आहे. आपल्या समाजात मुलीचा फोटो दीर्घकाळ प्रामुख्याने स्थळासाठी घराबाहेर पडत आला. तो कोणाच्या हाती जाईल, कोठे राहील, याची काळजी घरातील वडीलधारी मंडळी करीत. ही काळजी सर्वस्वी मागासलेपणाची होती असे म्हणता येणार नाही. छायाचित्राच्या संगणकीय प्रतीचा गैरवापर आज किती सहज होऊ शकतो, हे पाहता तिच्यातील शहाणपण लक्षात येते. नाकारलेल्या अर्जांवरील छायाचित्रांचे पुढे काय होते, याचे उत्तर अनेक कार्यालयांत कपाटातील गठ्ठे आणि संगणकातील विसरलेल्या फाइली हेच असते.

एका कामासाठी दिलेले छायाचित्र दुसऱ्या कामासाठी वापरले जाणे हा तर नित्याचा प्रकार आहे. निकालानंतर चौकाचौकांत लागणाऱ्या गुणवंतांच्या फलकांवर अनेकदा अर्जातीलच छायाचित्रे झळकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये खासगी शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि यशस्वी विद्यार्थ्याचे नाव व छायाचित्र वापरण्यापूर्वी निवडीनंतर त्याची लेखी संमती घेणे आवश्यक केले. शिकवणी वर्गांकडून जी अपेक्षा केली जाते, ती महाविद्यालयांनी स्वतःहून पाळणे उचित होय.

६. कार्यालयाची बाजू व पर्याय

या अटीमागे दुष्ट हेतू आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कार्यालयीन सेवकांची बाजू समजून घेतली पाहिजे. आपल्या भागात एकाच वर्गात पाटील, कांबळे, जाधव, मुल्ला या आडनावांचे अनेक विद्यार्थी असतात आणि क्वचित नाव व वडिलांचे नावही सारखे असते. अशा वेळी छायाचित्रावरून अर्ज चटकन सापडतो. शिवाय प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे ओळखपत्र, पात्रता अर्ज, ग्रंथालयाचे पत्र यांसाठी छायाचित्र लागतेच. ते आरंभीच घेतले की काम वाचते. अपुऱ्या सेवकवर्गावर चालणाऱ्या कार्यालयात ही सोय क्षुल्लक नाही.

परंतु सोय ही गरज नव्हे. नामसाधर्म्याचा प्रश्न अर्जक्रमांक, आईचे नाव व जन्मतारीख यांनी सुटतो. प्रवेशानंतर विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मिळतोच. जे थोड्यांना लागणार आहे ते सर्वांकडून आधी मागणे, हा नाकारल्या जाणाऱ्या अर्जदारांवरचा अनाठायी भार आहे. साक्षांकनाच्या बाबतीत शासनाने ही गोष्ट मान्य केली आहे. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी विद्यार्थ्यांना दारोदार फिरावे लागे. २०१४ साली केंद्र शासनाने स्वयंसाक्षांकनाचा पुरस्कार केला, त्यानंतर महाराष्ट्र शासनानेही ते स्वीकारले आणि तरीही प्रवेशाचे काम अडले नाही.

कायद्याची दिशाही हीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. संमतीने घेतली जाणारी वैयक्तिक माहिती नमूद केलेल्या उद्दिष्टासाठी आवश्यक तेवढीच असावी, हे त्यातील एक मूलतत्त्व आहे. प्रवेश अर्जावरील छायाचित्राचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहून दाखविणे ज्या महाविद्यालयाला जमणार नाही, त्याने ते मागू नये.

या विवेचनातून पुढील सूचना कराव्याशा वाटतात :

(१) प्रवेशपरीक्षेचा अपवाद वगळता, अर्जाच्या टप्प्यावर छायाचित्र मागू नये. प्रवेश निश्चित होताना ते महाविद्यालयातच, विनामूल्य व समक्ष काढावे. समक्ष काढलेले छायाचित्र ओळख म्हणून अधिक विश्वसनीयही असते.

(२) मुलाखतीसाठी निवड करणाऱ्या समितीसमोर जाणाऱ्या अर्जांतून छायाचित्र वगळावे.

(३) छायाचित्राअभावी कोणताही अर्ज परत करू नये. त्रुटिपूर्तीस मुदत द्यावी.

(४) प्रवेश न मिळालेल्यांची छायाचित्रे ठरावीक मुदतीत नष्ट करावीत आणि प्रसिद्धीसाठी स्वतंत्र लेखी संमती घ्यावी.

७. निष्कर्ष

प्रवेश अर्जावरील छायाचित्र हे एका खऱ्या गरजेचे चुकीच्या जागी झालेले स्थलांतर आहे. परीक्षेच्या दालनात ते प्रामाणिक विद्यार्थ्याचे रक्षण करते; अर्जांच्या गठ्ठ्यात ते कोणाचेही रक्षण करीत नाही. तेथे ते मागितले जाते, ते मुख्यतः जुन्या नमुन्यावरून नवा नमुना उतरविला जातो म्हणून. एका विद्यार्थिनीला तिच्या आवडीचा विषय गमवावा लागला, तो अशाच एका न तपासलेल्या रकान्यामुळे. पुढील वर्षाचे माहितीपत्रक छपाईला देण्यापूर्वी प्रवेश समितीने एकदा अर्जाचा नमुना समोर ठेवून प्रत्येक रकान्यापुढे तो का आहे हे लिहून काढावे. उजव्या कोपऱ्यातील चौकटीपुढे उत्तर न सुचल्यास ती रिकामी सोडू नये, काढून टाकावी.